आत्मप्रकटन : समोरासमोर आणि पडद्यावर

स्वतःविषयीची खाजगी माहिती दुसऱ्यास सांगणे यालाच मानसशास्त्रात 'आत्मप्रकटन' म्हणतात. १९७३ साली अर्विन ऑल्टमन व डाल्मस टेलर या अमेरिकन अभ्यासकांनी असे मांडले की, परिचय कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे उलगडत जातो. प्रथम नाव-गाव व शिक्षण, नंतर आवडीनिवडी व मते, आणि सर्वांत शेवटी भीती, अपयश, घरातील दुःख. एकाने थोडे सांगितले की दुसराही थोडे सांगतो. उर्दूतील 'हमराज' आणि मराठीतील 'जिवलग' हे शब्द या शेवटच्या पापुद्र्यापर्यंत पोहोचलेल्या माणसासाठीच आहेत.

इंटरनेटवर हा क्रम पुष्कळदा उलटतो. नाव ठाऊक नसलेल्या व्यक्तीस तरुण मनातील सल सांगून मोकळा होतो. जॉन सुलर यांनी २००४ साली याची कारणे दिली : ओळख झाकता येते, समोरच्याचा चेहरा दिसत नाही, उत्तर तत्काळ द्यावे लागत नाही. जोसेफ वॉल्थर यांनी १९९६ मध्येच दाखविले होते की, लिहिणारा शब्द निवडून लिहितो आणि वाचणारा उरलेले चित्र मनाने चांगलेच रंगवितो. त्यामुळे जवळीक कधी कधी प्रत्यक्ष भेटीपेक्षाही लवकर वाढते. लाजाळू तरुणांना याचा आधारही मिळतो.

परंतु समोरासमोर बोलताना ऐकणारा कोण हे माहीत असते. त्याचा चेहरा बदलला की आपण थांबतो. पडद्यावर तेच वाक्य मित्र, नातेवाईक, शिक्षक आणि उद्याचा मालक असे सारेच वाचू शकतात व त्याची नक्कल उरते. अॅक्विस्टी व ग्रॉस यांच्या २००६ मधील फेसबुकविषयक अभ्यासात, गोपनीयतेची काळजी असणारे विद्यार्थीही पुष्कळ माहिती देत असल्याचे आढळले. आपली माहिती कोण पाहू शकतो याविषयी काहींचा गैरसमजच होता.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरविला. तथापि कायदा पसरलेला शब्द परत आणू शकत नाही. म्हणून लिहिण्यापूर्वी 'हे कोण कोण वाचेल?' हा प्रश्न तरुणांनी स्वतःस विचारावा. पालक व शिक्षकांनीही ध्यानात घ्यावे की, घरी मन मोकळे केल्यावर केवळ रागावणेच वाट्यास येत असेल, तर मुले पडद्याकडेच वळतील. मोबाईल काढून घेण्यापेक्षा शांतपणे ऐकून घेणे अधिक उपयोगाचे आहे.