बटवा भरायचा तो वाण्याकडेच

आमच्या आजोळी, जुन्नरला, किराणा मालाचं दुकान होतं. आईचे आजोबा चालवत. दुकान कधीच बंद झालं, पण माळ्यावर लाल कापडात गुंडाळलेल्या तीन चोपड्या तेवढ्या राहिल्या. मोडी वाचणाऱ्या एका स्नेह्याला चहा पाजून पाजून मी त्यातली एक वाचून घेतली. गूळ, मीठ, रॉकेल यांच्या मध्येमध्ये पानोपानी भेटतात ती ही नावं: सुंठ, वेखंड, मुरडशेंग, बाळहिरडा, काकडशिंगी, क्वचित बिब्बे. वजन तोळ्यांत, किंमत आणे-पैत. बरंचसं उधारीवर.

‘आजीबाईचा बटवा’ म्हटलं की वाटतं, सगळं परसातून खुडून आणलेलं. तुळस, अडुळसा, कोरफड परसात होती, नाही असं नाही. पण काकडशिंगी ही हिमालयातल्या झाडावर किड्यामुळे धरणारी गाठ, हिंग अफगाणिस्तानाकडचा. जुन्नरचा म्हणावा असा त्यात बाळहिरडा. महादेव कोळी तो आजही सह्याद्रीच्या रानातून गोळा करून आणतात. म्हणजे औषध घरगुती खरं, पण ते घरात येईपर्यंत किती हातांनी त्यावर पोट भरलेलं असे!

धाकट्या भावाची गुटी आजी उगाळायची, ते मी मांडीला मांडी लावून पाहिलंय. सहाणेवर आईच्या दुधाचे चार थेंब, मग एकेक जिन्नस फिरवायचा आणि वेढे मोजायचे. बदामाचे चार, हळकुंडाचे दोन. मुरडशेंग स्क्रूसारखी पिळलेली. पोटात पीळ पडला की पीळ पडलेली शेंग, असा साधा हिशोब. वेखंडाचा मात्र एकच वेढा. आई दुसरा द्यायला गेली की आजी तिचं मनगट धरायची. कारण विचारलं तर म्हणे, “उग्र असतं ते.” वेखंडातल्या एका घटकापायी अमेरिकेनं 1968 साली ते खाद्यपदार्थांत वापरायला बंदी केली, हे मी फार नंतर वाचलं. आजीचा एक वेढा तरी बरोबर होता का, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. माझ्या नातवाला मी गुटी दिली नाही.

चोपडीत बिब्बे कमी दिसतात, कारण ते दारावरच येत. डोक्यावर पाटी घेऊन वैदू बायका सुया, पोत आणि बिब्बे विकत हिंडायच्या. बिब्बा म्हणजे बदामाच्या आकाराचं काळं, गुळगुळीत बी. आजी तो सुईला टोचून समईच्या ज्योतीवर धरायची. चर्र आवाज होऊन काळं तेल सुटायचं. पायाला काटा मोडला, भेग पडली की त्याचा चटका. जरा जास्त लागलं की बिब्बा उतायचा, कातडीवर फोड यायचे. मग त्यावर खोबरेल. चांगल्या कामात कुणी ‘बिब्बा घातला’ असं आपण म्हणतो, ते काय असतं हे ज्याच्या अंगावर बिब्बा उतलाय त्यालाच कळेल. गंमत अशी की याच तेलाचा चुन्याबरोबर पक्का काळा रंग होतो आणि परीट त्यानंच कपड्यांवर गिऱ्हाइकांच्या खुणा करत. एकच बी, एका घरात औषध आणि दुसऱ्या घरात शाई!

न्हावी तुंबड्या लावी, सुईण बाळंतपण करी आणि पुढे बाळ-बाळंतिणीला तेलही लावी. न्हाव्याचा हिशोब सुगीला धान्यात, सुईणीला खण-नारळ आणि शिधा. त्यामुळे या दोघांचं नाव चोपडीत शोधून सापडत नाही. औषध रोखीचं किंवा उधारीचं आणि ते लावणारा हात बलुत्याचा, असे दोन बाजार एकाच वेळी चालू होते.

तिसरा बाजार पोस्टमननं आणला. 1877 मध्ये टपालखात्यानं व्ही.पी. सुरू केली: पार्सल दारात आल्यावर पैसे मोजायचे. मुंबईतल्या औषधवाल्याला सारा मुलूख खुला झाला. पनवेलचं धूतपापेश्वर 1872 पासून होतंच. 1893 मध्ये मुंबईत अमृतांजन निघालं, 1899 मध्ये सांडू बंधू, 1910 मध्ये झंडू. गिरगावच्या डोंगऱ्यांचं बालामृत तर घराघरांत पोचलं. सहाणेवर वेढे मोजायची कटकट नको, चमचाभर पाजा की झालं. मासिकांच्या जाहिरातींत एकच बाटली खोकला, अशक्तपणा, वांझपण सगळ्यांवर चाले. औषधांच्या आयातीवर, निर्मितीवर आणि विक्रीवर बंधनं घालणारा देशव्यापी कायदा आला तो थेट 1940 मध्ये.

या साऱ्यातली सगळ्यात काळी गोळी म्हणजे बाळगोळी. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलाला अफू असलेली ही गोळी देत, म्हणजे पाळी संपेपर्यंत ते निजून राही. दूध पाजायला रजा नाही, पाळणाघर नाही, चाळीत बघणारं कुणी नाही. त्या बाईला दोष देणं सोपं आहे. आमच्या चोपडीत अफू नाही. त्यात पणजोबांचा मोठेपणा नाही. अफूला परवान्याचं दुकान लागे.

राहिलेल्या दोन चोपड्या अजून वाचायच्यात. तुमच्या माळ्यावर अशी एखादी असेल तर रद्दीत घालू नका. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग चालतात. तिथं जा, नाहीतर माझ्यासारखा एखादा चहाबाज मोडीवाला गाठा.