ओटा कोणाचा, हे रोज सकाळी ठरतं

सिॲटलमध्ये एलियट उपसागराच्या वरच्या चढावर पाइक प्लेस मार्केट भरतं. इथे कारागिरांचा दिवस हजेरीने सुरू होतो. सकाळी मंडळी जमतात, ज्येष्ठतेच्या क्रमाने नावं पुकारली जातात आणि ज्याचं नाव येईल तो त्या दिवसापुरता ओटा निवडतो. माल स्वतः पिकवलेला किंवा स्वतःच्या हाताने घडवलेला हवा, ही ओट्यांची मूळ अट. पाण्याकाठचा बाजार सुशोभीकरणाने नव्हे, अशा किचकट नियमांनी जगतो, असं हा बाजार पाहून म्हणावंसं वाटतं.

इतिहासही तेच सांगतो. कांद्याचे भाव भडकल्यावर दलालांना टाळून शेतकऱ्याने थेट गिऱ्हाइकाला विकावं, म्हणून १९०७च्या ऑगस्टमध्ये हा बाजार सुरू झाला. १९४२ मध्ये जपानी वंशाच्या अमेरिकनांना छावण्यांत डांबलं गेलं. छपरं जागच्या जागी राहिली, पण इथल्या शेतकऱ्यांत त्यांचाच भरणा मोठा असल्याने ओटे ओस पडले. पुढे नूतनीकरणाच्या नावाखाली बाजार पाडून टोलेजंग इमारती उभारायचा बेत आखला गेला. वास्तुविशारद व्हिक्टर स्टाइनब्रुक यांनी लोकांना उभं केलं आणि १९७१च्या मतदानात शहराने बाजार राखला. १९७३ पासून त्याचा कारभार एक सार्वजनिक महामंडळ पाहतं.

आता तिथे पर्यटकच जास्त, मासे फेकण्याचा तमाशा बघून लोक परततात, भाजी घेतो कोण, असा आक्षेप आहे. तो निराधार नाही. पण याच आवारात कमी उत्पन्नाच्या वृद्धांची घरं, दवाखाना आणि बालवाडीही आहे; नुसत्या देखाव्याला त्यांची गरज नसते. दुसरा आक्षेप असा की, इतकी बंधनं घातली तर धंदा गुदमरतो. त्यासाठी बाल्टिमोरचं हार्बरप्लेस पाहावं. जेम्स राऊस यांनी १९८० मध्ये बंदराकाठी उभारलेल्या या दोन मंडपांचा जगभर गाजावाजा झाला. पुढे तिथे कुठल्याही मॉलमध्ये दिसणारी साखळी दुकानं वाढली, गाळे रिकामे होत गेले आणि २०१९ मध्ये न्यायालयाला त्यावर प्रशासक नेमावा लागला. या घसरणीला इतरही कारणं होती. तरी, जे सगळीकडे मिळतं त्यासाठी बंदरापर्यंत कोण येणार? म्हणून पाण्याकाठचा बाजार नव्याने उभारायला निघालेल्या शहराने आराखड्याआधी विक्रेत्यांची हजेरी घ्यावी.