२३९ मालकांची खाण

हाती आलेल्या पुंजीचे माणूस काय करील? कोणी डोक्यावर छप्पर घेईल, कोणी मुलांच्या शिक्षणासाठी बँकेत ठेवील. परंतु ज्या काळोखात उमेदीची वर्षे गेली, तो काळोखच पदरचे पैसे मोजून विकत घेणारी माणसे वेल्समध्ये होऊन गेली. त्यांची ही हकीकत.

ब्रिटनच्या पश्चिम अंगाचा वेल्स हा डोंगराळ मुलूख. त्याच्या दक्षिणेकडील खोरी दगडी कोळशावर जगत. १९१३ साली तेथून पाच कोटी टनांहून अधिक कोळसा निघाला आणि त्याच वर्षी सेंगहेनिद येथील एका स्फोटात ४३९ खाणकामगार गेले. कोळशाची किंमत तेथे अशी दुहेरी पडे.

१९४७ च्या पहिल्या जानेवारीस खाणी सरकारी झाल्या. आता आपले दिवस आले, असे कामगारांना वाटले. पण पुढे एकेक खाण बंद पडू लागली. ते थांबावे म्हणून १९८४-८५ साली कामगारांनी वर्षभर संप केला, पोटाला चिमटे घेतले, आणि अखेर हार खाऊन ते कामावर परतले. १९९४ साली त्या खोऱ्यांत खोल खाण उरली होती ती एकच. हिरवाइन गावाजवळची 'टॉवर'.

तिच्यावरही २२ एप्रिल १९९४ रोजी पडदा पडला. कारण काय, तर खाण परवडत नाही! तेथल्या खासदार ॲन क्लुइड निषेध म्हणून २७ तास खाणीत बसून राहिल्या. उपयोग झाला नाही.

पण खाली कोळसा किती आहे, हे तो खणणाऱ्यांहून अधिक कोणाला ठाऊक असणार? युनियनचे पुढारी टायरोन ओसुलिव्हन यांनी खाणच विकत घेण्याची कल्पना मांडली. याच खाणीने १९६३ साली त्यांचे वडील नेले होते! २३९ कामगारांनी नोकरी सुटताना मिळालेल्या रकमेतून प्रत्येकी ८,००० पौंड काढून दिले. बुडाले असते, तर म्हातारपणाची काठीच बुडाली असती. घरोघरच्या गृहिणींनी त्या रात्री काय हिशेब केले असतील, ते आपल्या गृहिणींना सांगायला नको.

२ जानेवारी १९९५ रोजी ही मंडळी मिरवणुकीने खाणीवर परतली. काल ज्या फाटकातून मजूर म्हणून बाहेर पडले, त्यातूनच मालक म्हणून आत शिरले. 'न परवडणारी' ती खाण पुढे तेरा वर्षे चालली आणि तिने नफाही दिला. २५ जानेवारी २००८ रोजी ती बंद झाली, तेव्हा काढण्याजोगा कोळसाच संपला होता.

२०२१ पासून तेथे हौशी प्रवासी तारेला लटकून डोंगरावरून सुसाट खाली येतात. ओसुलिव्हन २०२३ साली निवर्तले. खाण आज नाही, हे खरे. पण १९९४ साली तिचा जीव घेतला जात होता. २००८ साली ती आपल्या मरणाने गेली. या दोहोंतला फरक २३९ घरांनी आपल्या पुंजीने विकत घेतला होता.