जुन्या गाडीचे ब्रेक पॅड आणि डिस्क घरी बदलताना

मारुती अल्टोसारख्या जुन्या गाड्यांना पुढे डिस्क, मागे ड्रम ब्रेक असतात. झीज पुढे जास्त होते, कारण ब्रेक लागताच वजन पुढे झुकते. भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगरसारख्या महामार्गालगतच्या वसाहतीत गाडी पावसाळाभर उघड्यावर राहिली, तर बिडाच्या डिस्कवर गंजही चढतो.

काम सपाट, कडक जागेवरच करावे. मागच्या चाकांना दगड लावून, नट ढिले करून मगच गाडी उचलावी. नुसत्या जॅकवर विसंबणे जिवावर बेतू शकते. खाली स्टँड हवाच.

कॅलिपर सोडवला की तो तारेने टांगावा, होजवर लोंबकळू देऊ नये. गंजलेली डिस्क हबला घट्ट चिकटते. गंजनाशक तेल मारून हातोडीने हलके ठोकावे. हबचा गंज घासून काढल्याशिवाय नवी डिस्क बसवली, तर पेडल थरथरते. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. पॅड दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत. पिस्टन मागे ढकलताना टाकीतले ब्रेक ऑइल वर चढते. ते रंगावर सांडले तर रंग उतरतो.

जोडणी झाल्यावर, गाडी हलवण्याआधी, पेडल कडक होईपर्यंत दाबावे. पहिले काही किलोमीटर जोरकस ब्रेक टाळावा.