टीव्हीच्या पाठीमागचा दिवा

जेवणं, भांडी, उद्याच्या डब्याची तयारी असं सगळं उरकून रात्री आपण मालिका बघायला टेकतो. तेव्हा घरातली ट्यूब बहुतेक बंदच असते. एक तर पोरं त्याच खोलीत झोपलेली असतात. दुसरं म्हणजे ट्यूबचा उजेड पडद्यावर चमकतो आणि चित्र नीट दिसत नाही. मग खोलीभर अंधार आणि मधोमध टीव्हीचा तेवढा लखलखाट. तासाभरानं सासूबाई डोळे चोळायला लागतात, कुणाचं कपाळ ठणकतं. आपण म्हणतो, दिवसभराचा शीण आहे.

आता मोबाईलवर एक जाहिरात सारखी येते. टीव्हीच्या मागं रंगीत दिवे लावलेले. पडद्यावर समुद्र आला की भिंत निळी, रान आलं की हिरवी. पोरांनी ते बघितलं की हट्ट सुरू. आमच्या गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाल्यावर दोघीतिघींनी मला विचारलं, "तुम्ही घरी लावलंय म्हणे. घ्यावं का आम्ही? का नुसतं खूळ आहे ते?"

उत्तर आधीच सांगून टाकते. टीव्हीमागं दिवा असणं उपयोगाचं आहे. तो रंग बदलणारा असणं ही हौस आहे. उपयोग काही शे रुपयांत होतो, हौसेला काही हजार लागतात. आणि विजेचा हिशेब न करता लावलं, तर उपयोग राहतो बाजूला आणि आगीशी गाठ पडते. आता एकेक सांगते.

डोळा का थकतो

अंधारात मळ्याच्या वाटेनं चालताना समोरून मोटारसायकल आली की डोळे दिपतात. तीच मोटारसायकल दुपारी तोच दिवा लावून आली तर काही वाटत नाही. दिवा तोच आहे, भोवतालचा उजेड बदलला.

आपल्या डोळ्याची बाहुली अंधारात मोठी होते आणि उजेडात बारीक होते. अंधाऱ्या खोलीत टीव्ही चालू असला की तिची ओढाताण होते. भोवती काळोख, समोर झगझगीत चौकोन. त्यात मालिकेत आता रात्रीचा प्रसंग, तर लगेच जाहिरातीचा पांढरा भपका. बाहुलीनं किती वेळा लहानमोठं व्हायचं? वय झालेल्या किंवा मोतीबिंदू असलेल्या माणसाला हा झगमगाट आणखी लागतो.

टीव्हीच्या मागं मंद दिवा लावला, की उजेड भिंतीवर पडून पसरतो. तो पडद्यावर चमकत नाही, झोपलेल्या पोराच्या डोळ्यावरही थेट येत नाही. पडदा आणि भोवताल यांतला फरक कमी होतो आणि डोळ्याला आराम पडतो. शिवाय चित्रातला काळा रंग जास्त काळा दिसतो, हा वरचा फायदा.

मात्र हे औषध नव्हे. यानं चष्म्याचा नंबर उतरत नाही. अंधुक दिसत असेल, दिव्याभोवती वलय दिसत असेल, तर डोळे तपासूनच घ्यावेत.

साधा पांढरा दिवा

गौरीच्या आरासीत आपण एलईडीची चपटी पट्टी लावतो, तीच ही वस्तू. फक्त रंग पांढरा घ्यायचा. पट्टीच्या वेष्टनावर ६५०० केल्विन असा आकडा असेल तर उत्तम. तो दिवसाच्या उजेडासारखा पांढरा असतो आणि टीव्हीच्या चित्राचे रंगही त्याच पांढऱ्यावर बेतलेले असतात. पिवळा दिवा लावला तर चित्र निळसर वाटायला लागतं.

उजेड किती हवा? पडद्याच्या पांढऱ्याच्या साधारण दहावा हिस्सा. हे मोजायला यंत्र नको. मालिका बघताना तुमची नजर भिंतीकडे जात असेल, तर दिवा जास्त झाला. दिवा आहे हे विसरायला होतं, तेव्हा तो बरोबर.

भिंतीकडेही बघा. पांढरी किंवा राखाडी, चुन्याची किंवा डिस्टेंपरची भिंत चांगली. निळ्या ऑईलपेंटवर पांढरा उजेडही निळा दिसतो आणि पट्टीचे ठिपके चकाकतात. आपल्याकडे पुष्कळ घरांत टीव्ही शोकेसच्या कप्प्यात असतो. तिथं उजेडाला पसरायला जागाच नाही, पट्टी लावण्यात अर्थ नाही. अशा घरी टीव्हीच्या मागच्या कोपऱ्यात, डोळ्याला थेट दिसणार नाही असा छोटा झिरोचा पांढरा दिवा लावला तरी काम भागतं. भिंत आणि टीव्ही यांत चार बोटं अंतर असलं की उजेड छान पसरतो.

ही साधी पट्टी टीव्हीच्याच यूएसबीच्या खाचेत लावता येते. पुष्कळ टीव्हींत ती टीव्हीबरोबर आपोआप चालू आणि बंद होते. पण त्या खाचेची ताकद थोडी असते. साधारण ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट. म्हणून यूएसबीवर चालते असं लिहिलेली, कमी वॅटची, छोटी पट्टीच तिथं लावायची. रोज तीन तास लावली तरी महिन्याला पाव युनिटही वीज जात नाही.

रंग बदलतात कसे

आता हौसेचा दिवा. फिलिप्स कंपनीनं २००४ पासून असे दिवे आतच बसवलेले टीव्ही विकायला आणले. आता बाहेरून लावायचे संच मिळतात. जादू वाटते, पण आतली रीत साधी आहे.

साध्या रंगीत पट्टीत सगळे दाणे एकदम लाल किंवा एकदम निळे होतात. या पट्टीत मात्र प्रत्येक दाण्याच्या पोटात लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे आणि एक बारीकशी चिप असते. पट्टीला तीन तारा असतात. दोन विजेच्या, एक निरोपाची.

निरोप कसा जातो? पंगतीला बसल्यावर पत्रावळ्यांची थप्पी पहिल्या माणसाकडे देतात. तो आपली एक काढून घेतो आणि उरलेली थप्पी पुढं सरकवतो. तसंच इथं. पहिला दाणा आपला निरोप काढून घेतो, "लाल इतका, हिरवा इतका, निळा इतका", आणि बाकीचे निरोप पुढं पाठवतो. प्रत्येक रंगाला ० ते २५५ अशा पायऱ्या असतात. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. म्हणूनच मधला एक दाणा बिघडला तर पुष्कळदा त्याच्या पुढची सगळी पंगत उपाशी राहते. पट्टी एका ठिकाणाहून पुढं विझली, तर त्या ठिकाणचा दाणा किंवा त्याच्या आधीचा दाणा बघायचा.

पण पडद्यावर कुठं कोणता रंग आहे, हे पट्टीला कोण सांगतं? त्याचे दोन मार्ग आहेत. एक, टीव्हीच्या वर छोटा कॅमेरा बसवतात. त्याचं तोंड पडद्याकडे असतं. तो कडेचे रंग बघतो आणि जवळच्या दाण्यांना कळवतो. दुसरा मार्ग म्हणजे डिशचा बॉक्स आणि टीव्ही यांच्या मध्ये एक डबी जोडतात. चित्र त्या डबीतून जातं आणि जाताजाता ती रंग वाचून घेते.

इथं फसगत होते, ती नीट ऐका. ती डबी एचडीएमआयच्या केबलवर चालते. तुमच्या डिशच्या बॉक्सला लाल, पांढरी, पिवळी अशा तीन पिनांची जुनी केबल असेल, तर तिचा उपयोग नाही. आणि स्मार्ट टीव्हीच्या आतलं यूट्यूब लावलं, तर ते चित्र डबीतून जातच नाही, मग दिवे बदलणार कसे? कॅमेऱ्याला ही अडचण नाही, कारण तो पडदाच बघतो. हजारो रुपये देण्याआधी आपल्या घरी चित्र कुठून येतं, हे टीव्हीच्या मागं वाकून एकदा बघा.

विजेचा हिशेब

आता माझी चूक सांगते. पहिल्यांदा मी पाच मीटरचं आख्खं रीळ आणलं. टीव्ही ३२ इंची. पट्टी लावून उरलेली कापायला जीव होईना, म्हणून गुंडाळी करून मागंच खोचली आणि मोबाईलचा चार्जर जोडला. अर्ध्या तासात वास यायला लागला. चार्जरला हात लावता येत नव्हता आणि गुंडाळीचा डिंक पाघळला होता. पिन काढली म्हणून निभावलं. शेजारीच पडदा लोंबत होता.

नंतर हिशेब केला. त्या पट्टीत मीटरला ६० म्हणजे पाच मीटरला ३०० दाणे होते. एक दाणा पूर्ण पांढरा पेटला तर साधारण ०.३ वॅट घेतो. ३०० दाण्यांचे झाले ९० वॅट. माझा चार्जर होता १० वॅटचा. दहा माणसांच्या वडापमध्ये नव्वद माणसं कोंबल्यासारखं झालं!

म्हणून आधी माप घ्या. ३२ इंची टीव्हीच्या वरची आणि दोन बाजूंची कड मिळून साधारण दीड मीटर होते. मीटरला ३० दाण्यांची पट्टी घेतली तर ४५ दाणे, म्हणजे जास्तीत जास्त साडेतेरा वॅट. अॅडॅप्टर त्याच्या दीडपट घ्यायचा, म्हणजे २० वॅटचा. त्यावर ५ व्होल्ट, ४ अँपिअर लिहिलेलं असतं. ४३ इंचीला तीन बाजू मिळून दोन मीटर, ६० दाणे, १८ वॅट. त्याला ५ व्होल्ट, ६ अँपिअरचा अॅडॅप्टर पुरतो. व्होल्ट अगदी जुळलेच पाहिजेत, अँपिअर जास्त असले तर चालतात. डिशच्या बॉक्सचा अॅडॅप्टर पुष्कळदा १२ व्होल्टचा असतो आणि त्याची पिन इथंही बसते. ती बसली म्हणून लावू नका, ५ व्होल्टची पट्टी जळते. अॅडॅप्टरवर बीआयएसची खूण बघून घ्या.

लावताना टीव्हीची पिन काढून ठेवा. मागची धूळ कोरड्या फडक्यानं पुसा. टीव्हीच्या मागची हवा जायची जाळी झाकू नका. पट्टी कापायची ती तांब्याच्या खुणेवरच. पट्टीवरचा बाण निरोपाची दिशा दाखवतो, तो उलटा झाला तर दिवे लागत नाहीत. कोपऱ्यावर पट्टी मोडून घडी घालू नका, वळसा द्या. तारेला डाग द्यायचा असेल तर माहीतगार माणसाकडून द्या. अॅडॅप्टर पडद्याआड किंवा गादीमागं खुपसू नका. वीज कडाडायला लागली की टीव्हीबरोबर याचीही पिन काढा.

लहान मुलं असतील तर

१६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये पोकेमॉन या कार्टूनच्या एका भागात लाल आणि निळ्या रंगाची फार वेगानं उघडझाप दाखवली. बघणाऱ्या सहाशेहून जास्त जणांना दवाखान्यात न्यावं लागलं, त्यांत बहुतेक मुलं होती. काहींना फिट आली होती. त्यानंतर तिथल्या मुलांच्या कार्यक्रमांत सूचना येऊ लागली, "खोलीत उजेड ठेवा आणि टीव्हीपासून लांब बसा."

यातून आपण दोन गोष्टी घ्यायच्या. मंद, स्थिर उजेड चांगला. भपकन बदलणारा नको. रंगीत पट्टी लावलीच, तर रंग सावकाश बदलतील असं अॅपमध्ये ठेवा आणि उजेड कमी करा. घरात कुणाला फिट येत असेल, तर रंगीत पट्टी लावूच नका. साधा पांढरा दिवा पुरे.

आणि शेवटचं. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथं १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला, की घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल दीड तास बंद होऊ लागले. पोरं अभ्यासाला बसू लागली, मोठी माणसं वाचू लागली, बोलू लागली. गावानं ठरवलं आणि करून दाखवलं. टीव्हीमागचा दिवा आपण लावतो तो जास्त वेळ बघत बसायला नव्हे. जो तासभर आपल्या वाट्याला येतो, तो डोळ्याला त्रास न होता जावा, एवढ्यासाठीच.

आमच्या घरी आता साधी पांढरी पट्टी आहे. उरलेल्या रिळाचे तुकडे करून, मापाचा अॅडॅप्टर जोडून, गौरीच्या मखराला लावले. सासूबाईंनी रंगीत दिवे तिथंच बघितले आणि म्हणाल्या, "हे इथंच शोभतंय. टीव्हीला आपला पांढराच राहू दे."