हिवाळ्यांतील धुकें आणि आपलीं वाहनें

कार्तिक सरतां सरतां आपल्या श्रीगोंदे तालुक्यांत उसाचें गाळप रंगांत येतें, आणि त्याच सुमारास पहाटेचें धुकें पडूं लागतें. माल वाहण्याचे दिवस व रस्ता न दिसण्याचे दिवस असे एकच येत असल्यामुळें, त्याविषयीं चार गोष्टी काष्टी व आसपासच्या शेतकरी बंधूंपुढें मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रथम धुक्याचें कारण पाहूं. निरभ्र व निवांत रात्रीं जमीन आपली उष्णता झपाट्यानें गमावते. तिला लागलेली हवा थंड होऊन हवेंतील बाष्पाचे सूक्ष्म जलबिंदू बनतात, हेंच धुकें. जेथें ओल अधिक, तेथें तें दाट. म्हणून दौंडाकडे जातांना भीमेच्या पुलाजवळ, घोड नदीच्या व कालव्याच्या कांठानें आणि भिजविलेल्या उसाच्या पट्ट्यांत तें अकस्मात आडवें येतें. माळावर रस्ता स्वच्छ दिसला म्हणून पुढेंही तसाच असेल, असें धरून चालूं नये.

आतां वेगाचा हिशेब. ताशी ६० किलोमीटर वेगाचें वाहन एका सेकंदांत सुमारें १७ मीटर जातें. अडथळा ओळखून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एवढें अंतर सहज संपतें. ब्रेक लागल्यावर गाडी थांबेपर्यंतचें अंतर निराळें. वेग दुप्पट झाल्यास हें दुसरें अंतर चौपट होतें. शिवाय दंवानें ओला झालेला रस्ता, त्यावर शेतांतून आलेला चिखल व सांडलेला ऊस, यांमुळें चाकें घसरतात. सबब, जितकें समोर दिसतें त्याच्या निम्म्या अंतरांत गाडी उभी राहील एवढाच वेग ठेवावा. निम्म्या अशासाठीं कीं, अरुंद रस्त्यावर समोरूनही वाहन येत असतें.

धुक्यांत अप्पर दिवा लावूं नये. त्याचा प्रकाश जलबिंदूंवर आपटून उलट आपल्याच डोळ्यांवर येतो. डिप्पर ठेवावा. कांचेला आंतून वाफ धरल्यास खिडकी थोडी उघडावी. ट्रॅक्टरवरील गाणीं अशा वेळीं बंद असावींत, म्हणजे न दिसणाऱ्या वाहनाचा निदान आवाज तरी येईल.

परंतु आमचे मतें स्वतःस दिसण्याइतकेंच दुसऱ्यास दिसणें महत्त्वाचें आहे. जोडट्रॉलीचे मागील दिवे अनेकदां वाढ्यांखालीं झांकले जातात. बैलगाडीस तर दिवाच नसतो. पुढें पांढऱ्या, बाजूंस पिवळ्या व मागें तांबड्या रिफ्लेक्टरच्या पट्ट्या लावाव्या, व भरणी झाल्यावर त्या उघड्या आहेत कीं नाहींत हें मागें जाऊन पाहावें. शनिवारच्या बाजारास जनावरें पायीं आणणाऱ्यांनीं कळपाच्या पुढें एक व मागें एक असा बॅटरीवाला माणूस ठेवावा.

ट्रॉलीचा आंस मोडल्यास ती शक्य तितकी कडेला घ्यावी आणि बऱ्याच अंतरावर मागें तांबडा त्रिकोण ठेवून माणूस उभा करावा. चाकांना लावलेले दगड निघतांना रस्त्यावरच टाकून देण्याची चाल फार घातक आहे. मागाहून येणाऱ्या दुचाकीस्वारास ते दिसत नाहींत.

अपघात दृष्टीस पडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. चौकशीचें लचांड मागें लागेल या भीतीनें कित्येकजण पुढें होत नाहींत. वस्तुतः १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं कलम १३४-अ घालण्यांत आलें असून, सद्भावनेनें मदत करणारास त्यानें संरक्षण दिलें आहे.

महसूल खात्याच्या कारकुनींत वारसनोंदींचे कागद आम्हीं पुष्कळ हाताळले. कर्त्या पुरुषाचें नांव सातबाऱ्यावरून कमी करण्यास एक फेरफार पुरतो. त्याचें ओझें मात्र घरांतील माणसें जन्मभर वाहतात. धुकें बहुधा ऊन चढतांच, नऊच्या आंतबाहेर, विरून जातें. निघण्यास तासभर उशीर झाला तर उसाच्या वजनांत होणारी घट नगण्य आहे. तरी बंधूंनीं हंगामाची पुढील खेप भरण्यापूर्वीं आपल्या गाडीचा मागील दिवा एकदां पाहून घ्यावा, एवढी विनंती.