मुद्दाम आटवायची पिशवी

लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात चोळून धुतला आणि तो लहान, जाड, ताठ होऊन निघाला, हा अपघात बऱ्याच घरांत होऊन गेलेला असतो. क्रोशाच्या वस्तूचं फेल्टिंग म्हणजे हेच, पण ठरवून. त्यामुळे ‘गरम पाणी ओतलं की काम झालं’ अशी समजूत होणं साहजिक आहे. ती चूक आहे.

नुसत्या उष्णतेनं लोकर आटत नाही. रंगवताना लोकरीच्या लडी जवळजवळ उकळत्या पाण्यात बराच वेळ असतात आणि फार न ढवळता ठेवल्या तर सुट्याच बाहेर येतात. लोकरीचा तंतू केराटिनचा, म्हणजे आपल्या केसांतल्याच प्रथिनाचा. त्यावर कौलांसारखे एकावर एक चढलेले खवले असतात, सगळ्यांचं तोंड टोकाकडे. त्यामुळे तंतू मुळाच्या दिशेनं सहज सरकतो, उलट येताना अडकतो. गरम पाण्यानं तो फुगून लवचीक होतो, साबणानं घसरतो. पण त्याला प्रत्यक्ष पुढे ढकलतं ते आपलं चोळणं. हजारो तंतू असे एकमेकांत शिरले की टाके दिसेनासे होतात. गरमातून एकदम थंड पाण्यात बुडवून ‘झटका’ द्यावाच लागतो असंही नाही. साबण निघून जायला थंड पाणी पुरेसं, एवढंच.

खरा निकाल मात्र बादलीत नव्हे, दुकानात लागतो. आपल्याकडे ‘लोकर’ म्हणून मिळणारे बहुतेक गुंडे ॲक्रिलिकचे असतात. ॲक्रिलिक हा कृत्रिम तंतू. त्याला खवलेच नाहीत. कितीही चोळा, वस्तू फक्त स्वच्छ होईल. सुती दोऱ्याचंही तेच. शंका असेल तर धाग्याचा छोटा तुकडा चिमट्यात धरून, पाण्याची वाटी जवळ ठेवून, जाळून पाहावा. लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते. ॲक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक काळा मणी उरतो. मिश्र धागा या कसोटीत फसवू शकतो, म्हणून गुंड्यावरची चिठ्ठी वाचावीच.

इथे आणखी एक गल्लत होते. ‘शंभर टक्के लोकर’ लिहिलंय म्हणजे आटणारच, असं नाही. ‘सुपरवॉश’ लोकरीवर कारखान्यात प्रक्रिया झालेली असते. एका रुळलेल्या पद्धतीत क्लोरीननं खवल्यांच्या कडा बोथट करून वर रेझिनचा पातळ थर चढवतात. मशीनमध्ये धुवायला ती उत्तम, आपल्या कामाला निरुपयोगी. ‘फक्त हातानं धुवा’ अशी धास्ती घालणारी चिठ्ठीच आपल्याला हवी. विरंजन केलेली पांढरीशुभ्र लोकर कधी कधी रेंगाळते. एकाच कंपनीचे दोन रंगही वेगवेगळे आटू शकतात.

सुयांचं विणकामच नीट आटतं, क्रोशाचं नाही, हे अर्धसत्य आहे. क्रोशाचा टाका भरीव. घट्ट घातलेल्या मुक्या खांबांत तंतूंना हलायला जागा उरत नाही आणि कापड पुठ्ठ्यासारखं होतं. नेहमीपेक्षा मोठी सुई घ्यावी, हात सैल ठेवावा. वीण बघायला जरा गबाळी दिसली तरी चालेल.

माप अंदाजानं धरू नये. आटणं लांबी-रुंदीत सारखं नसतं. त्याच धाग्याचा, त्याच सुईनं विणलेला चौकोन आधी आटवून मोजावा. समजा २० सेंटीमीटरची रुंदी १६ झाली, तर तयार पिशवी २५ सेंटीमीटर रुंद हवी असताना सुमारे ३१ सेंटीमीटर विणावं लागेल. उंचीचा हिशेब वेगळा. हा कंटाळवाणा चौकोन टाळणाऱ्यांबद्दल मला फारशी सहानुभूती नाही.

मशीन नसेल तर अडत नाही. बादली, हाताला सोसेल असं गरम पाणी, थोडा साबण आणि रबरी हातमोजे पुरतात. वेळ मात्र जास्त लागतो. मशीन वापरायचंच तर मध्येच उघडून पाहता येईल असं घ्यावं. वस्तू चेनच्या अभ्र्यात घालावी, नाहीतर सुटलेले तंतू पाण्याच्या वाटेत अडकतात. सोबत जुनी जीन्स टाकली की घर्षण वाढतं. टॉवेल नको, त्याचा भुगा लोकरीत कायमचा बसतो.

जास्त आटलं तर केसांच्या कंडिशनरमध्ये बुडवून पूर्ववत करता येतं, हा सल्ला फार फिरतो. ओली वस्तू ताणून थोडंफार माप मिळेल, पण गुंतलेले तंतू सुटत नाहीत. म्हणून दर काही मिनिटांनी बाहेर काढून पाहणं, हाच उपाय. पुरेसं झालं की पिळा न देता टॉवेलमध्ये दाबावं, हव्या आकाराच्या डब्यावर चढवून सावलीत वाळवावं.

काश्मिरी नमदा, म्हणजे फेल्टचंच जाजम, मात्र वेगळा. तो आधी विणत नाहीत. पिंजलेली लोकर पसरून, साबणाचं पाणी शिंपडून, गुंडाळी करून लाटतात. आकडीची सुई येते ती नंतर, वर साखळी टाक्याचं भरतकाम करायला.

नीट आटलेलं कापड कात्रीनं कापलं तरी उसवत नाही, हे खरं. टाके अजून दिसत असतील तर उसवू शकतं. ते जलरोधक होतं, हे खरं नाही. आणि फेल्ट झालं म्हणून कसर लागत नाही, हेही नाही. ती लोकरच असते. पावसाळ्यापूर्वी धुऊन, खडखडीत वाळवून, बंद पिशवीतच ठेवावी.